निएवेसच्या पाण्याचा धर्मबाप

पंचवीस जुलैला, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, निएवेसचा दिवा लाल झाला.

नासारिओ बोहोर्केस तेव्हा समोरच्याच खुर्चीत बसलेला होता. गेले दहा दिवस तो दिवा पिवळा होता, आणि तो लाल कधी होतो ते बघण्याखेरीज नासारिओला दुसरं काम नव्हतं. बत्तीस वर्षं शहरातली बस चालवून निवृत्त झालेल्या माणसाला दिव्याकडे बघत बसायची सवय असते.

"लाल झाला," तो म्हणाला.

"मग फिल्टर बदल," त्याची बायको तेन्चा म्हणाली. ती मांड्यासारखी पोळी कोपरापर्यंत हातावर पसरत होती, त्यामुळे तिनं मान वळवली नाही.

"मी कसा बदलू? ते कोंपाद्रेचं काम आहे."

"कोंपाद्रे तीन महिने या घरात फिरकलेला नाही, म्हाताऱ्या."

"म्हणूनच तर," नासारिओ म्हणाला, आणि पुन्हा दिव्याकडे बघत बसला.

निएवेस म्हणजे फ्रिज. दोन दारांचा, पोलादी रंगाचा, आणि एका दारातच खोबण असलेला. त्या खोबणीत ग्लास टेकवला की तोटीतून गार पाणी पडायचं, बटण बदललं की बर्फ. मुलगी ग्रिसेल्दानं तो मागच्या वर्षी सीमेपलीकडून पाठवला. आला पाच ऑगस्टला. त्या दिवशी हिममातेचा सण, म्हणून नाव ठेवलं निएवेस, म्हणजे हिमा. त्या गल्लीत हिम कुणी पाहिलेलं नव्हतं. उन्हाळ्यात एर्मोसियो शहरात छपरावरच्या टाकीतून नळाला जे पाणी येतं, ते इतकं तापलेलं असतं की कॉफी करताना गॅस नुसता सोबतीला लागतो.

आता नवी वस्तू घरात आली म्हणजे तिला धर्मबाप हवेतच. लग्नात केकचा धर्मबाप असतो, अंगठ्यांचा असतो, वाजंत्रीचाही असतो. मग फ्रिज काय केकपेक्षा हलका? फ्रिजला बाप्तिस्मा द्यायला पाद्रीबाबांनी आधी नकार दिला. मग त्यांना खोबणीतल्या गार पाण्याचा एक ग्लास दिला. मग त्यांनी होकार दिला. बर्फाची धर्ममाय झाली शेजारची दोन्या मेचे. भाजीच्या कप्प्याचा धर्मबाप झाला भाजीवाला. अंड्यांच्या कप्प्यावरून दोन मेव्हण्यांत वाद झाला, म्हणून तो कप्पा आजतागायत पोरका आहे. आणि पाण्याचा धर्मबाप, म्हणजे सगळ्यांत मोठा मान, मिळाला एवारिस्तो योकुपिसिओला.

एवारिस्तो समोरच्याच घरात राहायचा. नासारिओचा पहिलीपासूनचा मित्र. पस्तीस वर्षं नळकाम केलेला माणूस. टाकीपासून निएवेसच्या पाठीपर्यंतची बारीक तांब्याची नळी त्यानंच टाकली होती, आणि ती टाकताना एकदाही शिवी दिली नव्हती. पाद्रीबाबांनी त्याला धर्मबापाचं कर्तव्य वाचून दाखवलं: दर सहा महिन्यांनी नवा फिल्टर, आयुष्यभर.

"आयुष्यभर म्हणजे कुणाच्या?" एवारिस्तोनं विचारलं.

"जो आधी जाईल त्याच्या," पाद्रीबाबा म्हणाले.

मग गल्लीतली पोरं रिवाजाप्रमाणे "उधळा, धर्मबाप, उधळा!" असं ओरडू लागली. एवारिस्तोनं खिशात हात घातला. पँट नवी होती आणि चिल्लर जुन्या पँटीत राहिली होती. तो एक क्षण थांबला, निएवेसच्या खोबणीत घमेलं धरलं, बटण बदललं आणि पोरांवर बर्फाचे खडे उधळले. त्रेचाळीस अंशांच्या उन्हात पोरांनी ते जमिनीवर पडायच्या आत तोंडात झेलले. असा बाप्तिस्मा गल्लीत आधी झाला नव्हता. त्यानंतर दोन पोरांनी स्वतःचा पुन्हा करून मागितला.

अशा तऱ्हेनं दोघं मित्र एकमेकांचे कोंपाद्रे झाले. मुलाचा बाप आणि मुलाचा धर्मबाप यांच्यात हे नातं जडतं, आणि ते व्याह्यांइतकंच जपावं लागतं. इथं मधे मूल नव्हतं, फ्रिज होता, एवढाच फरक. साठ वर्षं एकमेकांना गाढवा-घोड्या म्हणणारे दोघं त्या दिवसापासून एकमेकांना 'तुम्ही' म्हणू लागले, कारण कोंपाद्रेला 'तू' म्हणत नाहीत. पहिला आठवडाभर दोघं फारसं बोललेच नाहीत, जमत नव्हतं.

पण रोज दुपारी चारच्या ठोक्याला एवारिस्तो यायचा. जाळीचं दार धाडकन आपटायचं, तो आधी निएवेसला म्हणायचा, "काय गं पोरी, बरी आहेस ना?" आणि मग एक ग्लास उभ्यानं आणि एक ग्लास बसून प्यायचा. फेब्रुवारीत त्यानं पांढरा शर्ट घालून फिल्टर बदलला. आधीच्या नळवाल्याच्या कामाची करतात तशी जुन्या फिल्टरची निंदा केली. सगळं नीट चाललं होतं.

आणि मग तीन मे आला.

तीन मे म्हणजे होली क्रॉसचा सण. गवंडी, सुतार, नळवाले, सगळ्या बांधकामवाल्यांचा दिवस. एवारिस्तो इस्त्री केलेला शर्ट घालून आला. "बरी आहेस ना पोरी?" म्हणाला. खोबणीत ग्लास टेकवला. मग आणखी एकदा टेकवला. मग तिसऱ्यांदा. नासारिओ तेव्हा टेबलापाशी, पाठ करून, रेडिओची बॅटरी शोधत होता. एवारिस्तोनं ग्लास मोरीच्या कट्ट्यावर पालथा घातला, अगदी हळू, आणि म्हणाला, "समजलो, कोंपाद्रे. आभारी आहे."

"कशाबद्दल?" नासारिओनं विचारलं, पण तोवर जाळीचं दार लागलं होतं. आपटलं नव्हतं. लागलं होतं. नासारिओला सगळ्यांत जास्त तेच खटकलं.

तेव्हापासून तीन महिने एवारिस्तो रस्त्यापलीकडे आपल्या मेस्किटच्या झाडाखाली खुर्ची टाकून, नासारिओच्या घराकडे पाठ करून बसायचा आणि विकतच्या जारमधलं पाणी प्यायचा. त्याचं काय बिनसलं ते नासारिओला कळेना. आपलं काय चुकलं तेही कळेना. आणि त्यात आता दिवा लाल.

त्याच संध्याकाळी ग्रिसेल्दाचा फोन आला.

"बाबा, आई म्हणाली दिवा लाल झालाय. काळजी करू नका. पाच तारखेला निएवेसच्या वाढदिवसाला येतेच आहे, फिल्टर घेऊन येते. दोन मिनिटांचं काम आहे."

नासारिओनं "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला, पण त्याला घाम फुटला. म्हणजे होता त्यावर आणखी फुटला. कारण दोन मिनिटांचं असो की दोन दिवसांचं, धर्मबाप धडधाकट असताना त्याचं काम दुसऱ्यानं केलं की झालं. मग तो धर्मबाप उरत नाही, आणि हा कोंपाद्रे उरत नाही. मग एवारिस्तोला या घरात यायला कारणच राहत नाही. रुसलेला माणूस कधीतरी परत येतो. ज्याचं काम काढून घेतलं तो येत नाही. पाच तारखेच्या आत एवारिस्तोनं फिल्टर बदलला तर ठीक, नाहीतर साठ वर्षांची दोस्ती एका नळकांड्यात संपणार होती.

"जाऊन विचार ना त्याला सरळ," तेन्चा म्हणाली.

"मी? तो गेला होता उठून."

"मग बस दिवा बघत."

दुसऱ्या दिवशी चार वाजता नासारिओ अंगणाच्या भिंतीशी गेला, रस्त्याकडे तोंड केलं आणि ओरडला, "तेन्चा! दिवा लाल झाला गं!"

"मला काय सांगतोस, मी इथंच उभी आहे," शेजारी कपडे वाळत घालणारी तेन्चा म्हणाली.

पलीकडे मेस्किटच्या झाडाखाली एवारिस्तोची मान किंचित हलली. मग त्यानं रेडिओचा आवाज वाढवला. रेडिओवर कांद्याचे भाव चालले होते.

मग नासारिओनं दोन्या मेचेला मध्यस्थ म्हणून पाठवलं. बर्फाची धर्ममाय म्हणून तिलाही थोडा अधिकार होता. ती वीस मिनिटांनी घाम पुसत परत आली.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, 'ज्यानं पाणी बंद केलं, त्यानंच दिवा बघावा.'"

"कुणी पाणी बंद केलं?"

"ते नाही म्हणाला. मग आम्ही त्याच्या गुडघ्याबद्दल बोललो. डावा फार दुखतोय."

"मी कशाला पाणी बंद करीन? पाणी का कुणाला नाही म्हणतात? वाटसरूला नाही म्हणत नाहीत. माझ्या सासूलाही कधी नाही म्हटलं नाही!"

"ऐकू येतंय मला," आतून तेन्चा म्हणाली.

इकडे फिल्टर दिवसेंदिवस तुंबत चालला. तिथल्या पाण्यात क्षार इतके की किटलीत आतून चुन्याची दुसरी किटली तयार होते. एकोणतीस जुलैला एक ग्लास भरायला दीड मिनिट लागलं, एकतीसला तीन मिनिटं, दोन ऑगस्टला चार. घरानं याच्याशी जुळवून घेतलं. नासारिओ ग्लास खोबणीतल्या पट्टीला टेकवून, मागे पुठ्ठ्याची पाचर लावून, झाडांना पाणी घालायला जायचा. पाण्याला येणाऱ्या शेजाऱ्यांना खुर्ची द्यावी लागू लागली. आणि माणूस पाण्याची धार बघत चार मिनिटं गप्प बसू शकत नाही. दोन्या मेचेनं एका ग्लासात कबूल केलं की आपली प्रसिद्ध खजुराची वडी ती एकोणीसशे चौऱ्याण्णवपासून दुकानातून आणते. भाजीवाल्यानं अर्ध्या ग्लासात आपल्या तराजूबद्दल काहीतरी सांगायला सुरुवात केली, आणि तेन्चानं घाईनं तो तसाच अर्धा ग्लास त्याच्या हातात दिला. काही गोष्टी न कळलेल्याच बऱ्या.

या सगळ्या गर्दीत एकच माणूस येत नव्हता.

चार ऑगस्ट उजाडला. दुसऱ्या दिवशी वाढदिवस. तेन्चा केकच्या मागे, म्हणून निएवेसला आंघोळ घालायचं काम नासारिओकडे आलं. एरवी ते तेन्चा करायची. तिनं त्याला वाटीत निम्मं पाणी आणि निम्मं व्हिनेगर दिलं, कापूस दिला, फडकं दिलं, आणि काम समजावलं: तोटीचं तोंड कापसानं, खालची ताटली काढून मोरीत, आणि शेवटी दार सगळं पुसून घ्यायचं, बटणांसकट, नीट दाबून, नाहीतर बोटांचे ठसे राहतात.

नासारिओनं तोटीचं तोंड पुसलं. कापसावर पांढरा चुना आला. खालची ताटली काढली. वर्षभर तो उरलेलं पाणी त्या ताटलीत ओतायचा, कारण त्याला वाटायचं ते कुठंतरी वाहून जातं. "ती बशी आहे कोंपाद्रे, गटार नाही," एवारिस्तोनं त्याला निदान दहा वेळा सांगितलं होतं. ते कुठंही वाहून जात नव्हतं. भरलं की फरशीवर यायचं, आणि तेन्चा ते मांजराच्या नावावर घालायची. मांजर त्यांच्याकडे नव्हतं. ते दोन्या मेचेचं होतं.

ताटली घासून त्यानं जागेवर बसवली. मग फडकं घेऊन दार पुसलं, वरपासून खालपर्यंत, बटणांवर जरा जास्तच दाबून. निएवेस आरशासारखी चमकली. त्याला तहान लागली. त्यानं ग्लास टेकवला.

काही नाही.

धार बारीक होती हे त्याला माहीत होतं. पण ही बारीक धार नव्हती, ही धारच नव्हती. त्यानं पुन्हा टेकवला. तिसऱ्यांदा टेकवला. निएवेस गप्प. आणि नासारिओच्या छातीत काहीतरी विचित्र झालं. ते वय नव्हतं, वयाचं त्याला ओळखीचं होतं. तो अपमान होता. आत्ता हिला स्वतःच्या हातानं आंघोळ घातली, आणि ही आपल्याला पाणी नाही म्हणते? आपल्याच घरात? त्यानं ग्लास मोरीच्या कट्ट्याकडे नेला आणि हळूच पालथा घातला.

आणि तिथंच थिजला. असाच पालथा घातलेला ग्लास त्यानं आधी एकदा पाहिला होता.

"तेन्चा!"

"केक आहे हातात."

"निएवेस पाणी देत नाही!"

तेन्चा आली, पिठाच्या हातानं डोळ्यांवरचे केस सारले आणि दाराकडे बघितलं. "कुलूप लागलंय. ते बघ ना, छोटं कुलपाचं चित्र आहे. खालचं बटण तीन सेकंद दाबून धरलं की लागतं आणि तसंच दाबलं की सुटतं. पोरांनी पाणी सांडू नये म्हणून असतं ते. पुसताना नेहमी होतं असं."

"नेहमी होतं?"

"माझं होतं. होली क्रॉसच्या दिवशीही झालं होतं. एवारिस्तोचा सण म्हणून दुपारी मुद्दाम चकचकीत केलं होतं सगळं. संध्याकाळी माझ्या लक्षात आलं, काढून टाकलं."

नासारिओ तिच्याकडे बघत राहिला. सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात त्यानं तिच्याकडे इतका वेळ सलग कधी बघितलं नव्हतं.

"काय झालं?" ती म्हणाली.

"टोपी कुठंय माझी?"

दुपारचे तीन वाजले होते. त्या वेळी त्या गल्लीत कुत्रीसुद्धा रस्ता ओलांडत नाहीत. ती अलीकडेच आयुष्य काढतात. नासारिओनं रस्ता ओलांडला. डांबर चपलेला चिकटत होतं. एवारिस्तोच्या जाळीच्या दाराशी जाऊन तो उभा राहिला. आत पंखा फिरत होता आणि पंख्यासमोर एवारिस्तो बनियनवर बसला होता.

"कोंपाद्रे."

"कोंपाद्रे," आतून उत्तर आलं, बर्फासारखं.

"ते कुलूप होतं."

"काय?"

"निएवेसला कुलूप असतं. बटणाचं. तेन्चानं पुसताना लागलं. तुमचा सण म्हणून पुसलं होतं तिनं."

पंखा डावीकडे गेला आणि परत आला.

"कोंपाद्रे," एवारिस्तो अतिशय अदबीनं म्हणाला, "मी पस्तीस वर्षं नळ बसवले. या शहरात निम्मे लोक मी बसवलेल्या नळांखाली तोंड धुतात. नळ गळतो, नळ तुंबतो, नळ गंजतो. पण नळ आपला आपण बंद होताना मी एकही पाहिला नाही. नळ बंद असेल तर तो कुणीतरी बंद केलेला असतो."

"फडक्यानं केला."

"फडक्यानं."

"व्हिनेगरच्या."

"माझ्या सणाच्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून आलो. तीनदा ग्लास लावला. तुम्ही पाठ करून उभे होतात. आणि हे सगळं फडक्यानं केलं."

"मी रेडिओची बॅटरी शोधत होतो!"

"मिळाली?"

"नाही!"

एवारिस्तोनं पंखा बंद केला. मग म्हणाला, "मला करून दाखवा." तो उठला, शर्ट चढवला, आपल्या जुन्या खडखडणाऱ्या फ्रिजपाशी गेला आणि आतून टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी काढून काखेत मारलं. ते काय आहे हे त्यानं सांगितलं नाही आणि नासारिओनं विचारलं नाही. दोघांनी रस्ता ओलांडला. पलीकडची कुत्री बघत राहिली.

स्वयंपाकघरात एवारिस्तो शिरला आणि सवयीनं त्याच्या तोंडून निघालं, "बरी आहेस ना पोरी?" मग त्याला आठवलं की आपण रुसलेलो आहोत, आणि त्यानं घसा खाकरला. तेन्चानं कुलूप आधीच काढून ठेवलं होतं.

"दाखवा."

तेन्चानं फडकं घेतलं आणि दार पुसलं. कुलूप लागलं नाही. आतला दिवा लागला.

"हा दिवा आहे," एवारिस्तो म्हणाला.

तिनं पुन्हा पुसलं, जरा दाबून. बर्फाचं बटण लागलं आणि नासारिओचं कोपर पट्टीला लागल्यामुळे सहा-सात खडे सटासट फरशीवर आले. एक टेबलाखाली गेला.

"हा बर्फ आहे."

तिसऱ्यांदा नासारिओनं पुसलं, चौथ्यांदा दोघांनी मिळून. निएवेसनं शिट्टी मारली, फॅरनहाइट दाखवलं, एकदा तर 'सुट्टीवर' अशी खूण दाखवली. कुलूप सोडून तिला सगळं येत होतं. बर्फाचा आवाज ऐकून दोन्या मेचे कुंपणावरून विचारून गेली की पुन्हा बाप्तिस्मा आहे का. एवारिस्तोची डावी भुवई दर खेपेला एकेक केस वर चढत होती.

"पुरे," तो शेवटी म्हणाला. "सगळे ठसे उमटवून ठेवलेत तुम्ही दारावर. असं पुसतात होय?" आणि त्यानं काखेतलं गुंडाळं टेबलावर ठेवलं, त्यावरचा टॉवेल ओढून काढला, आणि निएवेसचं दार स्वतः पुसलं: नीट, दाबून, लेकराचं तोंड पुसतात तसं. बटणांवर आला तेव्हा तिथं एक डाग होता. त्या डागावर त्यानं अंगठा दाबून धरला. एक. दोन. तीन.

टिंग.

छोटं कुलूप दिव्यात उजळलं. एवारिस्तोनं ग्लास घेतला आणि टेकवला. काही नाही. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा.

"मीच लावलं," तो हळू म्हणाला.

"तुम्हीच लावलं."

"तीन महिने मी तो जारचा कढत काढा पितोय." त्यानं नासारिओकडे पाहिलं. "गाढवा! तेव्हाच माझ्यामागे का नाही धावलास?"

"कोंपाद्रे," नासारिओ म्हणाला, "तुम्ही मला 'तू' म्हणालात."

एवारिस्तोनं विचार केला. "चुकलं," तो म्हणाला. "गाढव आहात तुम्ही."

"तुम्हीही आहात."

"आभारी आहे."

टॉवेल काढल्यामुळे टेबलावरचं गुंडाळं उघडं पडलं होतं. तो फिल्टर होता, नवा, खोक्यासकट, थंडगार.

"हा कधी आणलात?" तेन्चानं विचारलं.

"एप्रिलात. ऑगस्टमध्ये लागणार म्हणून."

"आणि फ्रिजात का ठेवलात?"

"उन्हानं खराब होऊ नये."

"तो नळाचा भाग आहे एवारिस्तो, दही नाही."

"गार पाण्याची वस्तू गारच बरी," एवारिस्तो म्हणाला. त्यानं बाह्या सरसावल्या, निएवेसचं दार उघडलं, आणि वरच्या कोपऱ्यातलं जुनं नळकांडं पाव फेरा डावीकडे फिरवून बाहेर ओढलं. थोडं पाणी त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. जुना फिल्टर उजेडात धरून त्यानं नाक मुरडलं. "बघा. काळं झालंय हो पोरीचं काळीज." मग नवा आत सारला, पाव फेरा उजवीकडे, 'खट्' असं वाजेपर्यंत. दार लावलं, कुलूप काढलं, ग्लास टेकवला. निएवेस खोकली, थुंकली, वाफाळल्यासारखी फुसफुसली आणि मग करडं पाणी आलं.

"हे प्यायचं नाही. आत कोळशाची भुकटी असते," एवारिस्तो म्हणाला. "पहिलं पंधरा लिटर फेकायचं. तेही सलग नाही. पाच सेकंद धरायचं, पाच सेकंद सोडायचं, म्हणजे आतली हवा जाते."

"पंधरा लिटर? पाच-पाच सेकंदांनी?"

"माझी घाई नाही," एवारिस्तो म्हणाला आणि खुर्ची ओढून बसला.

तर ते दोघं बसले. एकानं तांब्या धरायचा, दुसऱ्यानं मोठ्यानं सेकंद मोजायचे, भरला की नासारिओनं लिंबाच्या झाडाला ओतून यायचा. दुसऱ्या लिटरला गुडघ्याचा विषय झाला. चौथ्याला एवारिस्तोनं विचारलं की मेचेची खजुराची वडी खरंच दुकानातली का, कारण बातमी रस्ता ओलांडून गेली होती. सातव्याला दोघं नुसते आकडे मोजत होते. नवव्याला एवारिस्तो म्हणाला, "मला वाटलं, मी रोज येतो त्याचा तुम्हाला कंटाळा आला." नासारिओ तांब्या घेऊन लिंबाकडे गेला आणि जरा जास्त वेळानं परत आला. "रोज दोनच ग्लास पीत होतात," तो म्हणाला. "मला वाटायचं, पाणी आवडत नाही की काय." बाराव्या लिटरला मोजण्यात चूक झाली, आणि ती कुणाची यावरून असं कडाडून भांडण झालं की तेन्चानं ओव्हनपाशी उभ्या उभ्या क्रूसाची खूण केली; सगळं ठीक झालं होतं.

पंधरा लिटर झाल्यावर पाणी नितळ आणि जोरात आलं. एवारिस्तोनं पहिला ग्लास भरला आणि तेन्चासमोर धरला.

"फडक्याबद्दल," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ग्रिसेल्दा आली. केक कापला, निएवेससाठी गाणं म्हटलं. दुपारी सगळे पेंगत असताना ती पाणी घ्यायला उठली आणि म्हणाली, "बाबा, दिवा अजून लालच आहे की. फिल्टर बदलला म्हणालात ना?"

"बदलला. कोंपाद्रेनं. काल."

"मग दिव्याला कळवायला हवं. त्याला आपोआप कळत नाही, तो नुसते महिने मोजतो. फेब्रुवारीत मी आले होते तेव्हा मीच कळवलं होतं. हे बटण तीन सेकंद दाबलं की हिरवा होतो." आणि तिनं बोट पुढं केलं.

"थांब!" नासारिओ एवढ्यानं ओरडला की ओसरीवर झोपलेलं दोन्या मेचेचं मांजर उठून बसलं.

ग्रिसेल्दा बोट हवेत धरून उभी राहिली. "का?"

नासारिओनं तेन्चाकडे पाहिलं. तेन्चा खिडकीतून बाहेर, रस्त्यापलीकडे बघत होती. तिथं झाडाखालची खुर्ची रिकामी होती.

"राहू दे लाल," नासारिओ म्हणाला. "कोंपाद्रेला जरा काळजी वाटते. म्हणाला, दिवा जाईपर्यंत रोज येऊन बघतो."

"पण तो असा कधीच जाणार नाही, बाबा."

"हो," नासारिओ म्हणाला. "मलाही तसंच वाटतंय."

चारचा ठोका पडला. जाळीचं दार धाडकन आपटलं.